दोन बोटं उंच

त्या दिवशी सकाळपासून घरातली सगळी माणसं आत्याच्या गुडघ्यांकडे बघत होती आणि आपण तिकडे बघतच नाही असं दाखवत होती. वहिनी टेबल पुसता पुसता बघत होती. आतोबा पाव कापता कापता बघत होता, त्यामुळे काप कुठे जाड कुठे पातळ पडत होते, आणि बेकरी चालवणाऱ्या माणसाला ते शोभत नव्हतं. आत्याच्या भावाला, मिस्त्रीला, कशाकडे नीट बघायचं झालं की हातात तासायला काहीतरी लागतं. तो घराला लागूनच्या आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या दारात उभा राहून पेन्सिलीला टोक काढत होता, आणि निम्मी पेन्सिल संपली तरी टोक त्याच्या मनासारखं होत नव्हतं.

"उठून दाखवू का आत्ताच, की तिकीट लावणार आहात?" आत्या शेवटी म्हणाली.

दुपारी दवाखान्यातून चाचणीची सिस्टर येणार होती. ही तिची शेवटची घरभेट. त्यानंतर पावडर बंद, मोजमाप बंद, आणि निकालाची वाट बघायची.

पावडर म्हणजे काही जादूची चीज नव्हती. व्यायामशाळेत पोरं दंड फुगवायला दुधात घालून पितात, त्यातलाच प्रकार. या घराण्यात आजीपासून चालत आलेल्या स्नायूंच्या दुखण्यात ती थोडी तरी उपयोगी पडते का, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. दुखणं जाणार नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. खुर्चीतून उठणं, जिना चढणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं यात जरा हलकेपणा आला तर तो त्यांना मोजायचा होता. चाचणीत निम्म्या लोकांना खरी पावडर मिळत होती आणि निम्म्यांना तशीच दिसणारी, तशाच चवीची साधी भुकटी. कुणाच्या वाट्याला काय आलंय हे ना घेणाऱ्याला ठाऊक, ना देणाऱ्या डॉक्टरला.

आतोबाला हे काही केल्या पटलं नव्हतं. बायको रोज काय पिते हे नवऱ्याला कळू नये, आणि तेही जन्मभर पीठ मळणाऱ्या नवऱ्याला, हा त्याला स्वतःचा अपमान वाटत होता. त्यानं पहिल्याच दिवशी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि डोळे मिटून निकाल दिला की खरी आहे. पुढच्या आठवड्यात म्हणाला, पीठ आहे. त्यानंतर म्हणाला, मिसळ केलेली दिसते. शेवटी आत्यानं डबा कपाटात ठेवून किल्ली स्वतःकडे घेतली.

आत्या चष्म्याच्या दुकानात उंच स्टुलावर बसते. त्यामुळे गिऱ्हाइकांना तिच्या दुखण्याचा पत्ता नाही. त्यांना ती फक्त कडक जिभेची आणि अचूक नंबर काढणारी बाई म्हणून माहीत. दुखणं दिसायचं ते घरी, जेवणाच्या टेबलाशी. चाचणी सुरू झाली तेव्हा खुर्चीतून उठताना तिला दोन्ही हात आणि टेबलाची कड, शिवाय एक शिवी, इतकं सगळं लागत होतं. सिस्टरनं तेव्हाच सांगितलं होतं की दर वेळी याच खुर्चीतून उठायचं, हात छातीवर घडी घालून, आणि जमलं नाही तर काय काय टेकावं लागलं ते सांगायचं.

हे दुखणं ज्याला त्याला वेगवेगळं पकडतं. आजीचे पाय गेले, आत्याचे खांदे आणि मांड्या. मिस्त्री धडधाकट, पण त्याला जन्मात शिट्टी वाजवता आली नाही आणि हसू त्याच्या ओठांपर्यंत कधी पोचलं नाही. लोक त्याला तुसडा समजत आले. मागच्या वर्षी डॉक्टरांनी त्यालाही तपासलं आणि सांगितलं की हा तुसडेपणा नाही, आजीच्याच दुखण्याचा सौम्य अवतार आहे. वहिनी त्यावर म्हणाली होती की म्हणजे लग्नाच्या फोटोवरून आपण इतकी वर्षं उगाच रुसून बसलो.

राहता राहिली टिटवी. मिस्त्री आणि वहिनीची ही एकुलती एक मुलगी, काटकुळ्या पायांची आणि अखंड बोलणारी, म्हणून टिटवी. टपाल वाटायची नोकरी करते. तिला दुखणं असण्या-नसण्याची शक्यता निम्मी निम्मी. रक्त देऊन कळलं असतं, पण तिनं ठाम नकार दिला होता. कळून करायचं काय, असं तिचं म्हणणं. उपाय असेल तर सांगा, नसेल तर मला माझी पत्रं वाटू द्या. घरच्यांनी फारच पिच्छा पुरवला तेव्हा तिनं एक दिवस भर जेवणात जाहीर करून टाकलं, की ज्या दिवशी आत्या हात न टेकता आपल्या खुर्चीतून उठेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रक्त द्यायला जाईन. त्या वेळी आत्याला दोन हात, टेबल आणि शिवी लागत होती. टिटवीला आपण फार सुरक्षित शब्द दिला असं वाटलं होतं.

"उठ मग," आतोबा सुरी बाजूला ठेवून म्हणाला. "सिस्टर येण्याआधी एकदा होऊन जाऊ दे."

आत्यानं हातांची घडी छातीवर घातली, पाय मागे घेतले, पुढे झुकली आणि उठली.

इतकंच. ती उठली आणि उभी राहिली. शिवी द्यायलाही तिला वेळ मिळाला नाही.

 मग आतोबानं अख्खा लांबडा पाव उचलून तिच्या हातात दिला, पुष्पगुच्छ द्यावा तसा, आणि तिच्या गालाला पिठाचे हात लावून टाकले. वहिनी रडायला लागली. मिस्त्रीच्या हातातली पेन्सिल खाली पडली. ती उचलायला तो वाकला नाही, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात आलं नाही.

टिटवी टाळ्या वाजवत होती. तिला आनंदच झाला होता, अगदी खरा. आत्यावर तिचा जीव होता. पण त्या आनंदाच्या तळाशी तिनं दिलेला शब्द होता. उद्या रक्त द्यायचं. आणि उद्याचं सोडा, आजच सकाळी न्याहारीनंतर उठताना तिला टेबलावर हात टेकावा लागला होता. नेमका आजच. आईनं या आठवड्यात सगळ्या खुर्च्यांची वेताची बैठक नव्यानं विणली होती. नवी वीण आहे, खोल बसायला होतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. गेले कित्येक महिने तर ती खुर्चीतून अगदी सहज उठत होती. त्याआधी थोडी कुरकुर होती पायांची, पण ती गेली होती. आपण त्यातून सुटलो असंच तिनं मनाशी धरून ठेवलं होतं.

रडून झाल्यावर वहिनीला बसावंसं वाटलं. आत्या उभीच होती, पाव छातीशी धरून. तेव्हा वहिनी तिच्याच रिकाम्या खुर्चीत बसली आणि पदरानं डोळे पुसू लागली.

वहिनी बुटकी. घरात तिला सगळे वहिनीच म्हणतात, एक पोटची मुलगी सोडली तर. या टेबलाच्या सहाही खुर्च्या सासऱ्यांनी केलेल्या, आणि सासऱ्यांनी त्या स्वतःच्या मापानं केल्या होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून वहिनीच्या टाचा कधी जमिनीला लागल्या नाहीत. फक्त चवडे टेकतात. त्या चवड्यांवर तिनं पंचवीसेक वर्षं संसार केला, आणि तिच्या चवड्यांना या घराची फरशी पाठ आहे.

आज चवडे टेकले नाहीत.

तिनं पाय जरा हलवून बघितले. ते हवेत हलले. मग ती गप्प झाली. वहिनी रडताना बोलते, विणताना बोलते, झोपेतसुद्धा बोलते. ती गप्प झाली तेव्हा सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली. "काय केलंत तुम्ही या खुर्चीला?"

 उत्तराची गरज नव्हती. या घरात ती रीत होती आणि सगळ्यांना ती ठाऊक होती, फक्त तोंडानं कुणी बोलत नसे. आजीचे पाय कमजोर व्हायला लागले तेव्हा आजोबांनी तिच्या खुर्चीच्या पायांखाली लाकडाच्या चकत्या बसवल्या होत्या. त्याच लाकडाच्या, रेषेला रेषा जुळवून, वर पॉलिश. बोट फिरवलं तरी सांधा कळू नये. आजीला सांगितलं नाही. वर्षभरानं आणखी एक थर. बैठक जितकी उंच तितकं उठणं सोपं, हे खुर्च्या करणाऱ्याला वेगळं शिकवावं लागत नाही. आजोबा गेल्यावर हे काम मिस्त्रीनं चालू ठेवलं. आजीला ते कळत होतं की नाही यावर घरात दोन मतं होती. पण एकदा जेवताना ती कुणाकडेही न बघता म्हणाली होती, की या घरात मुलांपेक्षा खुर्च्या भराभर वाढतात.

"चाचणी चालू आहे हो ताईंची," वहिनी म्हणाली. "त्या सिस्टर काय म्हणाल्या होत्या? तीच खुर्ची. तश्शीच. आणि तुम्ही खाली चकत्या मारून मोकळे? तरी मी मागे म्हणत होते, हा माणूस पॉलिशचा डबा घेऊन कुठे फिरतोय."

"वहिनी, एक मिनिट," आतोबा मध्ये पडला. "उठली ना ती? हात टेकला का? नाही टेकला. मग लोकांनी खुर्चीकडे कशाला बघायचं?"

"सिस्टर बघणार. त्यांच्याकडे टेप असते."

"टेप विसरतात माणसं."

"आणि तुम्ही त्यांना पाव देऊन विसरायला लावणार."

"दिला तर काय बिघडलं? चांगला भाजलाय आज."

आतोबाची बाजू कच्ची होती आणि त्यालाही ती ठाऊक होती. पण बायको उठून उभी राहिलेली त्यानं आत्ताच डोळ्यांनी बघितली होती, आणि ते दृश्य कुणी परत मागितलेलं त्याला चालणार नव्हतं. त्यानं आधारासाठी टिटवीकडे बघितलं. टिटवीनं लगेच मान हलवली आणि म्हणाली की आतोबाचं बरोबर आहे, एवढ्यातेवढ्यावरून आत्याचा विरस कशाला. बोलता बोलताच तिच्या लक्षात आलं की खुर्ची उंच निघाल्यानं आपल्याला हायसं वाटलंय. उद्या रक्त द्यायला नको. तिला स्वतःची लाज वाटली आणि ती त्याच मतावर जास्तच जोरात बोलू लागली.

आत्यानं पाव टेबलावर ठेवला. तिचा चेहरा उतरला होता, आणि तो लपवायच्या ती फंदात पडली नाही.

"दादा," ती म्हणाली, "मी औषध पिते की पीठ, हे मला कुणी सांगत नाही. ते मी सहीनिशी मान्य केलंय, माझी तक्रार नाही. पण मी कुठल्या खुर्चीत बसते, एवढं तरी मला कळायला हवं की नको?"

"चुकलं," मिस्त्री म्हणाला.

"मी नाचायच्या बेतात होते रे."

"चुकलं म्हटलं ना. माझीच चूक आहे. विषय संपला."

हे बोलताना त्यानं कानाची पाळी चोळली, आणि तिथे तो फसला. कारण आत्या त्याची धाकटी बहीण. लहानपणी काच कुणी फोडली, साखर कुणी सांडली, दरवेळी हा भाऊ तिच्यासाठी पुढे होऊन खोटं कबूल करायचा आणि कबूल करताना कान चोळायचा. खरी चूक असली तर तो मुळीच कबूल करायचा नाही, तीन दिवस कारखान्यातून बाहेर यायचा नाही. इतक्या पटकन, इतक्या सरळ त्यानं "चुकलं" म्हणणं आत्याला पटेना. हा कुणालातरी पाठीशी घालतोय. कुणाला?

ती खुर्चीभोवती सावकाश फिरली. सहाही खुर्च्या वरून सारख्या. पण आजोबांनी प्रत्येकीच्या बैठकीखाली पटाशीनं एकेक खूण कोरून ठेवली होती, ज्याची त्याला. आत्याच्या खुर्चीवर दोन तिरप्या रेघा. लहानपणी टेबलाखाली लपून तिनं त्या बोटानं शेकडो वेळा चाचपल्या होत्या.

"वहिनी, ऊठ जरा. टिटवे, ही उलटी कर. माझ्या खांद्यांना जमायचं नाही."

"राहू दे," मिस्त्री म्हणाला. तो एरवी कधीच घाई करत नाही. "मी बघतो नंतर. राहू दे म्हणतो ना."

पण टिटवीनं खुर्ची उलटी करून टेबलावर ठेवलीसुद्धा होती. नव्या वेताचा वास आला. बैठकीच्या खालच्या फळीवर रेघा नव्हत्या. तिथे एक चंद्रकोर होती.

चंद्रकोर आजीची. आणि आजीनंतर, तिच्या सगळ्या चकत्या काढून, खुर्ची मूळ उंचीला आणून, ती ज्या नातीला मिळाली तिची.

"ही माझी खुर्ची आहे," टिटवी म्हणाली.

आता सगळ्यात आधी वहिनीच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडताक्षणी तिनं तोंडावर हात ठेवला. तिनंच सगळ्या खुर्च्या विणायला कारखान्यात नेल्या होत्या, आणि काल घाईघाईत परत आणून लावल्या होत्या. खुणा बघायला वाकावं लागतं. कंबर धरली होती, म्हणून ती वाकली नव्हती. आत्याच्या जागी टिटवीची लागली होती, टिटवीच्या जागी आत्याची. नवऱ्याला इतकं बोलून झाल्यावर हे कसं सांगायचं याचा तिनं थोडा वेळ विचार केला आणि मग "सगळ्या मेल्या सारख्याच दिसतात" असं ती पुटपुटली. तेवढ्यावरून सगळ्यांना कळलं.

टिटवीला आणखीही एक गोष्ट कळली होती. तिनं खुर्चीच्या पायावरून बोट फिरवलं. सांधा लागला नाही. तिनं नख लावून बघितलं, तेव्हा खालून दोन बोटांवर एक केसाएवढी रेघ लागली. बाबाचं काम फार सुबक होतं.

"कधी?" तिनं विचारलं.

मिस्त्रीनं खाली पडलेली पेन्सिल आता उचलली.

"तू टपालाची ती जिन्यांची गल्ली सोडलीस तेव्हा. मैत्रिणीशी अदलाबदल केली म्हणालीस. तिचा गुडघा दुखतो म्हणालीस."

"आणि तुला ते पटलं नाही."

"मैत्रीण आली होती नंतर घरी," मिस्त्री म्हणाला. "धावत आली आणि धावत गेली."

टिटवी आपल्या उलट्या खुर्चीकडे बघत राहिली. तिला राग यायला हवा होता, आणि तो यायला निघालाही होता. पण त्याच्या आधी दुसरंच काहीतरी आलं.

"बाबा, मला वाटत होतं मी सुधारतेय," ती म्हणाली. "आधी उठताना त्रास व्हायचा, मग एकदम बंद झाला. मी दर सकाळी उठायचे आणि म्हणायचे, बघा, काही झालेलं नाही मला. तुझ्या चकत्यांवर उभी राहून म्हणत होते मी हे."

मिस्त्रीचा चेहरा हलला नाही. तो हलत नसतोच. पण तो जवळची कुठली तरी खुर्ची ओढून बसला, आणि टिटवीला दिसलं की त्यानं पेन्सिलसुद्धा टेबलावर ठेवून दिलीय. पटाशी धरणारे हात रिकामे. हे तिनं कधी बघितलं नव्हतं, आणि तिचा राग वाटेतच कुठेतरी थांबला.

"तुला कळू नये म्हणून केलं," तो म्हणाला. "माझ्या आईला पण नाही सांगितलं कधी."

"आजीला कळत होतं," आत्या म्हणाली. "मला म्हणाली होती ती. म्हणाली, पोरगा इतकं निगुतीनं करतो, कळलं असं दाखवलं तर त्याला वाईट वाटेल."

 आतोबानं घसा साफ केला. त्याला शांतता सोसत नाही. बेकरीतसुद्धा तो पिठाशी बोलतो.

"थोडक्यात," तो म्हणाला, "टिटवीला पावडरीशिवाय गुण आला. आणि हिला खुर्ची बदलून गुण आला. डॉक्टरांना सांगायला हवं, उगाच बिचारे दुधात काहीबाही कालवत बसलेत."

आधी आत्या हसली. मग वहिनी, डोळे पुसायचे राहिले होते तशीच. टिटवीनं हसायचं नाही असं ठरवलं होतं, पण तिला ते जमलं नाही. मिस्त्रीच्या खांद्यांवरून दिसलं की तोही हसतोय.

सिस्टर आली ती ठरल्या वेळेला, आणि आली ती टेप काढूनच. कमी बोलणारी, सरळ पाठीची बाई. तोपर्यंत दोन तिरप्या रेघांची खुर्ची शोधून आपल्या जागी लागली होती. आतोबानं पावाचा विषय काढून बघितला, पण आत्यानं त्याला हातानंच गप्प केलं आणि सिस्टरला सकाळची सगळी हकीकत सांगून टाकली: रंगीत तालीम, चुकीची खुर्ची, आनंद, वहिनीचे चवडे. चकत्या नेमक्या कुणासाठी होत्या तेवढं मात्र तिनं सांगितलं नाही. ते सांगायचा हक्क दुसऱ्या कुणाचा होता.

सिस्टरनं खुर्ची मोजली. पहिल्या भेटीचं माप आणि आजचं माप जुळलं.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "एका घरी आजोबांनी तीन उशा घेतल्या होत्या. म्हणाले, मूळव्याध."

मग आत्या बसली. हातांची घडी घातली, पाय मागे घेतले.  ती पुढे झुकली, जरा वर आली, आणि परत खाली बसली. आतोबानं भिंतीकडे तोंड केलं. आत्यानं दुसऱ्यांदा प्रयत्न केला. तोही तसाच गेला. तिसऱ्या खेपेला तिनं घडीतला एक हात सोडवला, गुडघ्यावर टेकला, दात खाल्ले आणि उभी राहिली.

एक हात. टेबल नाही. शिवी नाही.

"एक हात, गुडघ्यावर," सिस्टर लिहिता लिहिता म्हणाली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. ते तोंड काही बोलेल तर शपथ.

"हे पहिल्यापेक्षा बरं आहे ना?" वहिनीला राहवलं नाही.

"पहिल्यापेक्षा वेगळं आहे," सिस्टर म्हणाली. "पावडरीमुळे की मनामुळे, की आज झोप चांगली झाली म्हणून, ते मला ठाऊक नाही. सगळ्यांचं एकत्र बघितल्यावर कळेल. म्हणून तर मोजायचं."

आत्याला वाटलं होतं आपल्याला वाईट वाटेल. पण सकाळची ती जादू परत दिल्यावर हातात हा एक हात उरला होता, आणि तो तिचा स्वतःचा होता. कुणी खालून काही सरकवलेलं नव्हतं. ती खूश झाली. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

"म्हणजे टिटवी सुटली," आतोबा म्हणाला. त्याला पोरीला हसवायचं होतं. "अट हात न टेकण्याची होती. एक हात टेकला. शब्द रद्द."

टिटवी भिंतीला टेकून उभी होती. तिला सुटायचं असतं तर दार उघडं होतं, आणि कुणीही तिला अडवलं नसतं. तिनं बाबाकडे बघितलं. तो खाली फरशीकडे बघत होता, आपल्या मुलीनं काय ठरवावं हे त्याच्या तोंडावर दिसू नये म्हणून. त्या तोंडावर तसंही कधी काही दिसत नाही, हे बिचारा विसरला होता.

"सिस्टर," टिटवी म्हणाली, "रक्त तपासायला उद्या सकाळी आले तर चालेल का? माझं. त्या चकत्या माझ्यासाठी होत्या."

सिस्टरनं पेन थांबवलं. चालेल म्हणाली. उपाशीपोटी यायची गरज नाही, पण आधी डॉक्टर बोलतील, समजावून सांगतील, घाई करणार नाहीत, असंही सांगितलं. मग तिनं तो चांगला भाजलेला पाव घेतला, कारण आता तो लाच राहिला नव्हता, आणि ती गेली.

सिस्टरच्या मागे दार लागलं तशी टिटवीनं आपली खुर्ची उचलली आणि कारखान्यात नेऊन बाबाच्या बाकावर आडवी ठेवली. बाकीचे मागोमाग आलेच. आत्या आतोबाच्या दंडाला धरून आली, वहिनी वेताच्या वेटोळ्यांवरून पाय उचलत.

"काप," टिटवी म्हणाली.

"आत्ता?"

"आत्ता. मला किती जमतं ते मला कळू दे."

मिस्त्रीनं करवत घेतली नाही. तो उभाच राहिला. "आणि नाही जमलं तर?"

"तर मी तुला सांगेन. मग तू परत बसव. तीन बोटं बसव, चार बसव, आजीएवढी उंच कर. पण मला विचारून. आणि सांधा दिसू दे, बाबा."

मिस्त्रीनं करवत जवळ ओढली. मग त्यानं पेन्सिलीनं त्या न दिसणाऱ्या रेघेवर रेघ मारली, टिटवीनं खुर्ची घट्ट धरली, आणि त्यानं चारही पाय एकेक करून कापले. जोडायला त्याला केवढा वेळ लागला असेल आणि कापायला किती थोडा लागला, हे वहिनीनं पुन्हा पुन्हा बोलून दाखवलं. चकत्या त्यानं भुशात टाकल्या नाहीत. टिटवीनंच त्या गोळा केल्या आणि खिडकीतल्या फळीवर एका ओळीत मांडून ठेवल्या, येता-जाता दिसतील अशा.

मग खुर्ची सरळ करून ती बसली. हातांची घडी घातली, आत्यासारखी. पुढे झुकली. जमलं नाही. पुन्हा झुकली. बाबा शेजारीच बाकाशी वाकून भुसा झाडत होता; तिनं एक हात त्याच्या खांद्यावर टेकला आणि उठून उभी राहिली.

अशा वेळी या घरात सगळे दुसरीकडे बघायचे. आजीच्या वेळेपासून तशीच रीत होती. कुणी मीठ मागायचं, कुणी खिडकीबाहेर काहीतरी दाखवायचं. आतोबानं सवयीनं खिडकीकडे बोट केलंही. पण तिथे फळीवर चकत्या दिसल्या आणि त्यानं ते परत घेतलं.

"टेकलास," वहिनी म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "टेकलास गं हात."

"टेकला," टिटवी म्हणाली. हात तिनं अजून काढला नव्हता. "एक. सगळ्यांनी बघितला ना?"

"बघितला," मिस्त्री म्हणाला.